मॅग्नेशियमच्या इम्प्लांटवर काम सुरू करतोयस? मग हे आधी वाच

ताकदीच्या आकड्यांना एवढ्यात भुलू नकोस. मॅग्नेशियमचा लवचिकता गुणांक (धातू किती ताठ आहे त्याचं माप) साधारण 45 गिगापास्कल, म्हणजे हाडाच्या बराच जवळ. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा 110 च्या आसपास. म्हणूनच सगळे याच्या प्रेमात पडतात. पण तू मोजतोस ती ताकद पहिल्या दिवसाची. हाड जुळायला 12 आठवडे धरलेस, तर तोवर मॅग्नेशियमचा स्क्रू शरीरात गंजून विरघळतच असतो. खरा प्रश्न शेवटच्या आठवड्यात किती ताकद उरली हा. तेव्हा शरीरातल्या द्रवासारख्या द्रावणात ठेवलेले नमुने ठरावीक दिवसांनी बाहेर काढून ताणून बघ. सरासरी गंज कमी दिसला तरी एकच खोल खड्डा नमुना मोडायला पुरतो.

बहुतेकांची पहिली चूक द्रावणात होते. नुसत्या मिठाच्या पाण्यातला वेग शरीरातला समजू नकोस. 37 अंश तापमान, बायकार्बोनेट बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारं मिश्रण) आणि जमलं तर 5 टक्के कार्बन डायऑक्साइड ठेव. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात तो ट्रिस बफर स्वतःच गंज वाढवतो. हे कळेपर्यंत माझे कित्येक महिने गेले. पीएच रोज टिपून ठेव.

मॅग्नेशियम गंजताना हायड्रोजन सुटतो, तो मोजणं सोपं: 1 मिलिग्रॅम धातूमागे सुमारे 1 मिलिलिटर वायू. वजनातल्या घटीशी तो ताडून बघ. वजनाआधी गंजाचा थर क्रोमिक आम्लाने काढतात; ते कर्करोगकारक आहे, हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) वापर.

आणि धातू मागवतानाच लोह, निकेल, तांब्याचं प्रमाण विचार. लोह थोडं जरी जास्त निघालं, तरी गंज झपाट्याने वाढतो आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात.