'विचित्र', 'गूढ' की 'आक्रीत'?

वेंगुर्ल्याच्या एका वाचिकेचा प्रश्न आहे: क्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या, स्त्रियांवरच्या तिच्या लघुकथा भेसूर आहेत, चमत्कारिक आहेत. मुखपृष्ठावर 'विचित्र कथा' लिहावं, 'गूढकथा' की 'भयकथा'? आणि त्यांतल्या बायकांच्या भुतांना सरसकट 'हडळ' म्हटलं तर चालेल का?

'विचित्र' नकोच. संस्कृतात त्याचा अर्थ रंगीबेरंगी, नानाविध असा आहे, पण आजच्या मराठीत तो माणसाला लगेच चिकटतो. 'विचित्र बाई' म्हटलं की गावाला पुढचं सांगावं लागत नाही. इंग्रजीत 'क्वीअर'चाही जुना अर्थ 'चमत्कारिक' हाच. पुढे ती शिवी झाली आणि ज्यांना ती दिली जाई त्यांनीच तिचं स्वतःसाठी नाव केलं. म्हणून 'क्वीअर' तसंच ठेवा. 'समलिंगी' अपुरा पडतो, स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असलेली बाई त्यात मावत नाही.

'भयकथा'त वाचक नुसती भीती शोधेल. 'गूढकथा' चालेल, पण मी 'आक्रीतकथा' सुचवेन. आक्रीत म्हणजे अघटित, अजब घटना. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका अजून म्हणतात, "दोघी रात्री बावीर (विहिरीवर) गेल्यो, सकाळी एकच कळशी इली (आली). ह्यां काय आक्रीत!" हा शब्द घटनेला लागतो, माणसाला नाही. आक्रीत घडतं, 'ती आक्रीत आहे' असं कुणी म्हणत नाही. तुमच्या बायकांना हेच हवं आहे.

आता हडळ. कोकणात बायकांची भुतं नवरा आणि मूल यांच्यावरून ओळखली जातात: सवाष्ण मेलेली जखीण, विधवा मेलेली लावसट, बाळंतपणात गेलेली हडळ. १९१५ साली इंग्रजीत निघालेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या संकलनातही भुतांची वर्गवारी आहे. एकमेकींसोबत आयुष्य काढून गेलेल्या दोघींना या यादीत जागाच नाही! तिथे 'हडळ' लिहिलंत तर वाचक बाळंतपण शोधत बसेल. त्यापेक्षा गावकऱ्यांना नुसतं "थंय कायतरी आसा" म्हणू द्या, आपल्याकडे तसं म्हणतातच. 'जखीण' मात्र जरूर वापरा, पण नेमक्या जागी: कपाळभर कुंकवानिशी गेलेली, जीव मैत्रिणीत अडकलेली बाई. ती नवऱ्याच्या घरी न येता मैत्रिणीच्या पडवीत आली, तर शब्दाचा जुना अर्थही शाबूत राहतो आणि कथाही तुमचीच राहते.