सगळंच 'थोडं जास्त' आहे, मग काळजी करायची की नाही?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. मिस्टर ६१ वर्षांचे आहेत, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, अजून कामाला जातात. सहा वर्षं झाली बीपीची गोळी चालू आहे, रोज न चुकता घेतात तरी मागच्या आठवड्यात १५२/८२ आलं. रक्त तपासलं तर उपाशीपोटी शुगर १०९, ट्रायग्लिसराइड २१४, एचडीएल ३६. जो बघतो तो म्हणतो थोडं जास्त आहे, बॉर्डरवर आहे. अंगाने बारीकच आहेत, वजन ६४, फक्त पोट पुढे आलंय. हे म्हणायलेत मला शुगर नाही, काही नाही, उगं घाबरू नको. शेजारचे म्हणायलेत अँजिओग्राफी करा म्हणजे नळ्या ब्लॉक आहेत का कळेल. करावी का ओ? - एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण हे सगळे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी ठेवले तरच चित्र दिसतं. एकेक बघितलं की थोडं जास्त, आणि इथेच आपण फसतो.

हे आकडे एकत्र बघायला पाच गोष्टी असतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, पुरुषात एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली, बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५, यातलं एक जरी तेवढं किंवा जास्त (गोळी चालू असली तरी धरायचंच), आणि उपाशीपोटी शुगर १०० किंवा वर. पाचपैकी तीन असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे पुढे डायबेटिस आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी जोडगोळी. मिस्टरांच्या चार तर आत्ताच झाल्या, कंबर मोजलेलीच नाही. पँटच्या नंबरावर जाऊ नका, पँट पोटाच्या खाली बांधतात. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायचा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता.

बारीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या ९.१ टक्के, हे त्यांनी स्वतःच २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात फोटोसकट छापलं. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, लिव्हरभोवती, असं फार दिसतं, आणि त्या चरबीमुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, मग शरीर अजून इन्सुलिन बनवतं, किडनी मीठ धरून ठेवते, रक्तवाहिन्या हव्या तशा सैल होत नाहीत, म्हणून गोळी घेऊनही बीपी हटत नाही.

आता १५२/८२ कडे परत बघा. वरच्यातून खालचा वजा केला तर ७०. या वयात हे अंतर ६० च्या वर राहायला लागलं की मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होत असल्याची शंका घ्यायची. चांगली धमनी रबरासारखी ताणली जाते आणि हृदयाचा प्रत्येक धक्का झेलते. ती ताठ झाली की धक्का तसाच पुढे मेंदूच्या, किडनीच्या बारीक नळ्यांवर जातो. हे ब्लॉकेजपेक्षा वेगळं आहे आणि अँजिओग्राफीत ते दिसेलच असं नाही. म्हणून छातीत दुखणं, चालताना दम लागणं असलं काही नसेल तर नुसतं बघायला म्हणून अँजिओग्राफी करू नका. त्याऐवजी ईसीजी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, आणि एचबीए१सी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर) करा. पण छातीत दाब आला, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला तर मात्र वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

आठवडाभर घरी बीपी लिहून ठेवा, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा की गोळी वाढवायची का बदलायची, कारण बीपीच्या काही जुन्या गोळ्यांनी शुगर थोडी वर जाऊ शकते, आणि कोलेस्टेरॉलची गोळी लागेल का तेही विचारा. स्वतःहून बंद मात्र काही करू नका.

खाण्याचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी अजिबात सोडू नका. शेंगाचटणीही दुश्मन नाही, तिच्यातलं मीठ कमी करा, कारण दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापड सगळं आलं. खरी गोची कारखान्यातल्या पाळीत होणाऱ्या चहाची आहे. सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, हे जवळजवळ ५० ग्रॅम होतं आणि ट्रायग्लिसराइड त्यानेच चढतं. दारू असेल तर तिनेही. आणि तुम्ही लिहिलं नाहीत पण तंबाखूचा मावा किंवा बिडी असेल तर आधी ती बंद, बाकी सगळं नंतर. कारखान्यात दिवसभर उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही, सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास भरभर चालायचं, आठवड्यातून पाच दिवस. तीनचार किलो उतरलं तरी पुढच्या रिपोर्टात फरक दिसू शकतो.

आणि टेप हातात घेतलाच आहे तर तुमचीही कंबर मोजा ताई, बायकांसाठी आकडा ८० आहे.