थायलंडच्या इमिग्रेशन कचेरीत वरचे पैसे किती द्यावे लागतात?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची बदली थायलंडला झाली आहे, दोन महिन्यांनी तुम्ही आणि सहा वर्षांचा मुलगा मागोमाग जाणार आहात, आणि तिथल्या इमिग्रेशनमध्ये ‘वरचे’ द्यावे लागतात असं ऐकलंय, तर किती पैसे बाजूला ठेवू?

पैसे बाजूला ठेवू नका. हाताशी दिवस ठेवा. असं का म्हणते ते सांगते.

मी मूळची इचलकरंजीची. २०१७ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आले. बँकॉकच्या खाली पूर्व किनाऱ्याला जो कारखान्यांचा पट्टा आहे, तिथं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो आहे. त्याच्या पाळ्या बदलत्या, आणि कंपनीचा एजंट फक्त त्याचे कागद करायचा. त्यामुळे माझे आणि मुलीचे कागद पहिल्या दिवसापासून माझ्याच गळ्यात पडले.

आधी एक शब्द सांगते. वरच्या पैशांना थाई माणसं ‘खा नाम चा’ म्हणतात. खा म्हणजे शुल्क, नाम म्हणजे पाणी आणि चा म्हणजे आपला चहाच. आपल्या ‘चहापाण्या’चा इतका जवळचा भाऊ परक्या भाषेत भेटेल असं मला वाटलं नव्हतं. शब्द आहे म्हणजे प्रकारही आहे, हे मी नाकारत नाही. पण या आठ वर्षांत मी ज्या खिडक्यांसमोर बसले त्यांतल्या बहुतेकांवर सरकारी शुल्कापलीकडे एक बाथही कुणी मागितला नाही. एका कचेरीत मात्र मागितला गेला आणि मी दिला. कचेरीचं नाव लिहीत नाही.

मी ९० दिवसांच्या व्हिसावर आले होते. तो संपण्याआधी इथंच वर्षभराची मुदतवाढ घ्यायची असते. मी गेले तेव्हा दोन दिवस उरले होते. सगळं बरोबर होतं, फोटो ४ × ६ सेंटीमीटरचा, पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईत सही. खिडकीवरच्या बाईंनी माझा विवाह नोंदणीचा दाखला हातात घेतला, आपल्याकडचा तो नमुना ‘ई’. माझ्या पासपोर्टवर बोट ठेवलं, मग दाखल्यावर. म्हणाल्या, “नॉट सेम.” आणि फाइल परत माझ्याकडे सरकवली.

त्यांचं चुकलं नव्हतं. दाखल्यावर माझं नाव माहेरचं, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं, मधे नवऱ्याचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण इथल्या माणसाच्या दृष्टीनं त्या सरळसरळ दोन वेगळ्या बायका आहेत. आपल्या मराठी बायकांच्या फायली इथं सगळ्यात जास्त अडतात त्या याच ठिकाणी, आणि कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं.

मी रडकुंडीला येऊन बाहेर आले. दाराशी झेरॉक्सचं दुकान होतं, तिथला माणूस मोडक्या इंग्रजीत म्हणाला, नावाचा घोळ ना, तीन हजार द्या, आजच होईल. माझ्यासमोर दोन दिवस होते, मांडीवर दोन वर्षांची मुलगी होती. मी दिले. त्यानं फाइल आत नेली. चाळीसएक मिनिटांत पासपोर्टवर शिक्का होता. फाइलमध्ये एकही कागद वाढला नव्हता. तेच दोन वेगळी नावं असलेले कागद, तीच खिडकी. सरकारी शुल्क १,९०० बाथ मी वेगळे भरले, त्याची पावती मिळाली. तीन हजारांची अर्थातच नाही.

पैसे गेल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. पुढच्या वर्षी जे झालं ते मात्र अजून डाचतं. कचेरीच्या पायरीवरच तो माणूस समोर आला, मुलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, “मॅडम, सेम सेम, थ्री थाउजंड.” मी फाइल उघडलीही नव्हती. कागद बरोबर आहेत की नाहीत हा प्रश्नच त्याच्या लेखी उरला नव्हता. एकदा दिले की आपलं नाव गिऱ्हाइकाच्या वहीत चढतं आणि मग दरवर्षीचा दर ठरतो.

त्या वेळी मी मुदत संपायच्या २६ दिवस आधी गेले होते. (अर्ज ३० दिवस आधीपासून घेतात.) मी त्याला हात जोडून नको म्हटलं आणि आत जाऊन बसले. खिडकीवर पुन्हा नावावरून अडलं. या खेपेला मी रडले नाही, वादही घातला नाही. वही पुढे केली आणि म्हटलं, कुठला कागद हवा ते इथं थाईत लिहून द्या. बाईंनी आतल्या साहेबांना विचारलं आणि दोन ओळी लिहून दिल्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं भारतीय दूतावासाचं पत्र हवं होतं. एवढंच.

बँकॉकला सुखुमवितच्या २३ नंबरच्या गल्लीत आपला दूतावास आहे. तिथं पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि अर्ज देऊन पत्र केलं. त्याचं थाई भाषांतर करून चेंग वत्थना रस्त्यावरच्या परराष्ट्र खात्याच्या कचेरीतून शिक्का घेतला. त्याचं शुल्क रीतसर पावतीवर भरलं. पुढच्या आठवड्यात मुदतवाढ झाली, १,९०० बाथमध्ये. त्या पावतीच्या माथ्यावर गरुड आहे, थायलंडचं राजचिन्हच गरुड आहे, आणि साल २५६१ लिहिलंय, कारण इथं बुद्ध संवत चालतो, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. ती पावती मी अजून ठेवली आहे. ते पत्र आजही दरवर्षी फाइलमध्ये जातं आणि नावावरून मला पुन्हा कुणी अडवलं नाही.

म्हणून दिवस म्हणते. आपण शेवटच्या दोन दिवसांत गेलो की खरी त्रुटीसुद्धा विकत सोडवावी लागते, आणि हे समोरच्याला आपल्या पासपोर्टवरची तारीख बघून कळतं.

आता सरकारी दर, म्हणजे कुणी जास्त सांगितलं तर तुम्हाला कळेल. मुदतवाढ माणशी १,९०० बाथ, मुलालाही तेवढेच. मधे भारतात येणार असाल तर परत येण्याचा परवाना आधी काढावा लागतो, एकदाचा १,००० आणि कितीही वेळाचा ३,८००. हा न काढता देश सोडला तर वर्षभराची मुदतवाढ तिथंच संपते. दिवाळीच्या घाईत आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असं झालं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो, तो फॉर्म टीएम ४७. त्याला शुल्क शून्य आहे. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत जाता येतं, उशीर झाला तर २,००० बाथ दंड. या फुकटच्या कामासाठी कुणी ‘फॉर्म भरण्याचे’ पैसे मागितले तर तो त्याच्या लिहिण्याचा मेहनताना आहे, सरकारचा त्याच्याशी संबंध नाही. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५००, जास्तीत जास्त २०,००० बाथ. तो दंडही पावतीवरच भरायचा. मुदत उलटल्यावर ‘मिटवून टाकतो’ म्हणणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नका.

आणि टीएम ३०, म्हणजे घरात परदेशी माणूस राहतोय हे इमिग्रेशनला कळवायचा फॉर्म. याच्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्म्या लोकांची फाइल याच्यावर परत येते आणि चूक त्यांची नसते. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकानं २४ तासांत कळवायचं असतं. हॉटेलं हे आपसूक करतात. घरमालकाला बऱ्याचदा हे माहीतच नसतं, किंवा भाड्याचं उत्पन्न नोंदीवर येईल म्हणून तो टाळतो. आमच्या पहिल्या घरमालकीण स्वभावानं फार गोड, आंबे आणून द्यायच्या, पण टीएम ३० चं नाव काढलं की फोन उचलायच्या नाहीत. कायदा मालकाला धरतो, खिडकीवर मात्र आपण असतो, आणि दंड भरल्याशिवाय पुढचं काम हलत नाही. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधीच मालकाकडून तीन गोष्टी घ्या : घराच्या नोंदवहीची प्रत, त्यांच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत, आणि टीएम ३० मालक करतील असं करारात एक वाक्य. हे द्यायला जो मालक कां कूं करतो त्याचं घर कितीही छान असलं तरी घेऊ नका. नोंदणीची पोचपावती मिळाली की तिचा फोटो काढून ठेवा.

एजंट आणि लाच या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुमच्यासाठी रांगेत उभा राहणारा, भाषांतर करून देणारा, त्याचे पैसे आधी सांगून पावती देणारा एजंट घेण्यात गैर काही नाही. लहान मूल असेल तर घ्यावाच. पण “बँकेत पैसे दाखवायची गरज नाही, आमचं आत सगळं जमलेलं आहे” किंवा “तुम्ही यायची गरज नाही, पासपोर्ट द्या, शिक्का मारून आणतो” असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. शिक्का खोटा निघाला तर पासपोर्ट तुमचा असतो, एजंटचा फोन बंद असतो. आणि लाच देणं हाही इथं गुन्हा आहे, दंडसंहितेच्या १४४ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. कळलं तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही.

खिडकीवर कुणी पैसे मागितलेच तर एक वाक्य पाठ करून जा : “खो बाय-सेत दुआय खा.” म्हणजे कृपया पावती द्या. (तुमचे यजमान म्हणतील तेव्हा शेवटी ‘खा’ऐवजी ‘खरप’.) हसून, नमस्कार करून, आवाज न चढवता. इथं आवाज चढवला की काम कायमचं बसतं. ‘जाय येन’ असं म्हणतात ते, मन थंड ठेव. माझ्या मैत्रिणीला एकदा ३०० बाथ ‘कागदांचे’ म्हणून सांगितले, तिनं हे वाक्य म्हटलं, समोरच्यानं पाच सेकंद तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, नो नीड. इमिग्रेशनची चौकशी ११७८ वर होते, आकडा नीट लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आलीच तर भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा क्रमांक १२०५.

तुमच्या यजमानांच्या कंपनीला बीओआय, म्हणजे इथल्या गुंतवणूक मंडळाची मान्यता आहे का, तेही एचआरला विचारा. असेल तर व्हिसा आणि वर्क परमिटचं काम एका छताखालच्या केंद्रात होतं आणि त्यात बायकोमुलांचे कागदही करता येतात. आम्हाला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

निघायच्या आधीचं काम आता. देशात येताना सगळ्या परदेशी लोकांना डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, १ मे २०२५ पासून. ते फुकट आहे. त्याच्यासाठी पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइट आहेत, त्यांत अडकू नका.

आणि आज संध्याकाळी मुलाचा जन्मदाखला, तुमचा विवाहाचा दाखला आणि तिघांचे पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा. अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं आहे की माहेरचं, स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ आहे की दोन, मुलाचं नाव त्यावर चढलंय की नुसतंच ‘मुलगा’ लिहिलंय. भाषांतर कराल तेव्हा आडनाव थाईत अगदी तसंच लिहायला सांगा जसं यजमानांच्या वर्क परमिटवर आहे, कारण थाई लिपीत एकाच उच्चाराची बरीच अक्षरं आहेत आणि एकच आडनाव तीन तऱ्हेनं लिहिता येतं. पासपोर्टवरच्या नावाचा घोळ दूतावास निस्तरून देतो. महापालिकेच्या जन्मदाखल्यातली चूक मात्र इथं बसून दुरुस्त होत नाही, त्यासाठी माझ्या सासऱ्यांना सात हेलपाटे घालावे लागले. तुमच्याकडे दोन महिने आहेत, तेवढ्यात ते होईल.