आत्यानं कानात कुठलं नाव सांगावं?

*"भाऊ-वहिनीनं मुलीसाठी 'ऋत' हे नाव ठरवलंय. आई म्हणते, हे मुलाचं नाव, शिवाय 'मृत'सारखं ऐकू येतं. बारशाला बाळाच्या कानात नाव मी सांगणार, तर आयत्या वेळी तू दुसरंच घे, असा तिचा हट्ट आहे. काय करू?" – एक आत्या*

प्रिय ताई,

दुसरं नाव घेऊ नका. आत्याचा मान नाव सांगण्याचा; आईबापांनी ठरवलेलं नाव बदलण्याचा नाही. भरल्या घरात असा हिरमोड झाला तर वहिनी तो कधीच विसरणार नाही.

संस्कृतात 'ऋत' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणजे मुळात तो ना मुलाचा, ना मुलीचा. मराठीत बाकीचं काम क्रियापद करतंच: ऋत आली, ऋत जेवली. अभिनेत्री सुहास जोशी आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर, बाई आणि पुरुष, ही दोन्ही नावं आपण न अडखळता घेतोच की.

अर्थ तर फार मोठा. ऋग्वेदात ऋत म्हणजे सारं विश्व ज्याच्या आधारानं चालतं तो नियम. वरुण त्याचा राखणदार. दहाव्या मंडलातलं १९०वं सूक्त 'ऋतं च सत्यं च' असंच सुरू होतं. 'ऋतू' हा शब्द त्याच धातूतला, आणि पारशांच्या अवेस्तातला 'अष' हा तर याचा सख्खा भाऊ.

'मृत'ची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. घरात तान्हं बाळ असताना असा शब्द कानाला टोचतोच. पण आईंना 'सत्यमेव जयते नानृतम्' म्हणून दाखवा. अनृत म्हणजे खोटं. त्यातला नकाराचा 'अन्' काढला की उरतं ते तुमच्या भाचीचं नाव.

मला खरी अडचण दिसते ती इंग्रजी स्पेलिंगची. आपण 'रुत' म्हणतो, हिंदी बोलणारे 'रित' म्हणतील. आर-यू-टी लिहिलं तर इंग्रजी वाचणारा 'रट' म्हणेल आणि पुढे एच जोडला तर थेट 'रूथ'. हे भाऊ-वहिनीनं आत्ताच बसून ठरवावं. जन्मनोंदणीत नाव पहिल्या बारा महिन्यांत शुल्काशिवाय घालता येतं, तेव्हा घाई नको.

आणि आईंना रिकाम्या हातानं परत पाठवू नका. पाळण्यातलं नाव त्यांना ठेवू द्या, वहिनीला आधी विचारून. हे बोलणं बारशाच्या आदल्या दिवशीच उरका. मग पाळण्यापाशी कुर्र करून आधी आजीचं नाव सांगा आणि त्यामागोमाग ऋत.