पहिली स्लॉट कार ड्रॅग रेस ठेवताय ना, मग हे वाचा

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेत विजेवर धावणाऱ्या छोट्या मॉडेल गाड्या, आणि ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत. सगळ्यात आधी ट्रॅकची लांबी बघ. खऱ्या ड्रॅग रेसची क्वार्टर माईल (पाव मैल) म्हणजे १३२० फूट, तिला २४ ने भागलं की ५५ फूट, म्हणून १/२४ स्केलला तेवढा ट्रॅक लागतो, आणि १/६४ च्या छोट्या गाड्यांना साधारण साडेवीस फुटात काम भागतं. पण फिनिश लाईनच्या पुढे थांबायला जागा सोड रे बाबा, नवीन लोक हेच विसरतात! शेवटी जाड फोम लाव, नाहीतर गाडी सरळ भिंतीत.

दोन्ही लेनला वेगळा पॉवर सप्लाय दे, एकच असला तर शेजारच्याने कंट्रोलरचा ट्रिगर दाबला की तुझी गाडी मरते आणि मग भांडणं. ट्रॅकवरच्या वीज देणाऱ्या पट्ट्या आणि गाडीखालची ब्रेड (त्या पट्ट्यांना टेकणारी विणलेली तार) मध्येमध्ये पुसत राहा.

आणि पहिल्याच वेळी हेड्स-अप (दोघं एकदम सुटणार, आधी पोचेल तो जिंकला) नको, ज्याची मोटर भारी तोच जिंकतो, बाकीचे कंटाळतात. ब्रॅकेट ठेव. प्रत्येकाने आपला टाईम आधी सांगायचा, स्लो गाडीला तेवढा हेडस्टार्ट, आणि सांगितल्यापेक्षा फास्ट गेलास तर ब्रेकआऊट, साधारण हरलासच. यात पोरंसोरंपण जुन्या खेळाडूंना हरवतात, मला तर तेच बघायला मजा येते. प्रॅक्टिसला मात्र भरपूर वेळ दे, त्याशिवाय कोण काय टाईम सांगणार?