ओरिस म्हणजे वेखंड नव्हे

एका ताईंचा प्रश्न आहे: 'मुलाने परदेशातून आणलेल्या सुगंधी पावडरीच्या डब्यावर "ओरिस रूट" लिहिलंय. शेजारीण म्हणते, हे विलायती वेखंडच, बाळगुटीतही चालेल. खरं का? आणि मराठी शब्द कोणता?'

खरं नाही. 'विलायती वेखंड' ऐकून ऐकून कान किटलेत. ओरिस म्हणजे आयरिस या फुलझाडाचं वाळवलेलं मूळ, शब्दही 'आयरिस'चाच बिघडलेला. वेखंड निराळ्या कुळातलं. पानं दोघांची तलवारीसारखी, एवढंच साम्य. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली पिवळ्या आयरिसला 'स्यूडअ‍ॅकोरस' म्हटलं, म्हणजे चक्क तोतया वेखंड! आयरिसचं नातं शोधायचंच तर केशराशी आहे, ते त्याच कुळातलं.

खरी गंमत पुढेच. युनानी दवावाले या मुळाला 'बेख-ए-बनफशा' म्हणतात. फारसीत बेख म्हणजे मूळ आणि बनफशा म्हणजे जोशांद्यात, म्हणजे युनानी काढ्यात, पडणारं ते जांभळं फूल, व्हायोलेट. त्याचा आयरिसशी काडीचा संबंध नाही. तरी जर्मनही याला 'व्हायोलेटचं मूळ'च म्हणतात आणि दात येणाऱ्या बाळांना चघळायला देत आले. चूक नाकाची आहे. ताज्या मुळाला वास जवळजवळ नसतो. सोलून, वाळवून तीन ते पाच वर्षं ठेवलं की त्यात आयरोन हे सुगंधी द्रव्य तयार होतं आणि मूळ व्हायोलेटसारखं दरवळतं. व्हायोलेटची फुलं महाग, म्हणून टीमान आणि क्रूगर या रसायनशास्त्रज्ञांनी त्या वासाचा शोध या स्वस्त मुळातच घेतला आणि १८९३ साली आयरोनबरोबर व्हायोलेटच्याच वासाचं कृत्रिम आयोनोनही जगापुढे ठेवलं. अत्तरं, पावडरी, दंतमंजनं, अगदी जिन ही दारूसुद्धा: सगळीकडे हे मूळ पोचलंय.

आता 'बेख' धरून ठेवा. माझं मत असं, की आपलं 'वेखंड' म्हणजे 'बेख-खंड', मुळाचा तुकडा. वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'पारसीक वचा', म्हणजे इराणी वेखंड, आहे, ती पांढरी, हैमवती; अनेक जण ती आयरिसच मानतात. म्हणजे इराणी मुळं गांध्याच्या दुकानात होती, तर त्यांचं नाव का येणार नाही? आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक निवृत्त संस्कृत गुरुजी यावर हसतात. म्हणतात, वचेचा प्राकृतात 'च' गळून 'वया', मग वयाखंड, वेखंड. आणि फारसी 'बे'चा मराठीत 'वे' होतो कुठे, बेजारचं वेजार झालं का? नियम त्यांच्या बाजूने आहे, कबूल. पण गुरुजी, आपण राहतो त्या गावाला सरकार वडोदरा म्हणतं आणि तुम्ही-आम्ही बडोदा. इथे बसून ब-वच्या अदलाबदलीला हसायचं?

गेल्या आठवड्यात मांडवीजवळच्या गंधियाणाच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात वेखंड मागितलं, तर त्याने 'घोडावज' म्हणून बरणी पुढे सरकवली. गुजरातीत वचेची वज झाली. तुकडा मोडला तर नाकात झणका गेला. ओरिसचा वास असा अंगावर येत नाही, पावडर लावलेल्या आजीच्या पदरासारखा असतो.

हो ताई, तुमचं राहिलंच. मराठीत 'आयरिसचं मूळ' म्हणा, बास. बाळगुटीत मात्र ते उगाळू नका. ताज्या मुळाने तर पोट बिघडून जुलाब होतात. आणि वेखंडसुद्धा बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच.