बोर्ड म्हणजे मुळात फळी, बाकी सगळं नंतरचं

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी विचारलंय की नातू एमपी बोर्डाच्या दहावीला बसलाय, सरवटे बस स्टँडच्या बाजूला जुन्या इमारतींवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ लिहिलेलं दिसतं, विमानतळावर बोर्डिंग पास घ्यावा लागतो आणि घरात भिंतीवर लाईटचा बोर्ड आहेच, तर हा सगळा एकच शब्द आहे की उच्चार तेवढा सारखा? आणि मराठीत ह्या सगळ्याला मिळून एक शब्द का नाही?

एकच शब्द आहे काकू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो ‘बोर्ड’ असाच होता आणि अर्थ लाकडाची फळी. लाईटचा बोर्ड सगळ्यात सोपा, कारण जुन्या वाड्यांमधे ती खरंच लाकडाची पेटी असायची, वर पितळी किंवा काळे बटण, आता प्लास्टिक आलं तरी नाव तेच राहिलं. कॅरम बोर्ड, कार्डबोर्ड, दुकानावरचा बोर्ड, शाळेतला ब्लॅकबोर्ड, हे सगळे सरळ फळीचे अर्थ आहेत, त्यात फार शोधण्यासारखं काही नाही.

खरी गंमत टेबलापासून सुरू होते. मध्ययुगात इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसायचं, लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवणं झाली की उचलून भिंतीला लावून ठेवायच्या, आपल्याकडे लग्नाच्या मांडवात पंगती उठल्यावर टेबलं गोळा करतात ना, तसंच. त्यामुळे फळी म्हणजेच जेवणाचं टेबल झालं आणि मग टेबलावरचं जेवण पण बोर्डच झालं. ‘बेड अँड बोर्ड’ म्हणजे झोपायची आणि जेवायची सोय. म्हणून लॉजिंग-बोर्डिंगमधे लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे जेवण, हे पुष्कळ लोक उलटं समजतात किंवा दोन्हीचा अर्थ राहणंच समजतात. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण भंवरकुआंला कोचिंगसाठी येणाऱ्या मुलांच्या हॉस्टेलवर ‘बोर्डिंग’ लिहिलेलं असतं आणि आत मेस नसतेच, जेवण बाहेरच्या टिफिनवर. शब्दाच्या हिशेबानं तिथे फक्त लॉजिंग आहे. आणि बोर्डिंग स्कूल म्हणजे जिथे मूल शाळेच्या पंक्तीला जेवतं ती शाळा, तिथे राहणं हे ओघानं आलं. आपल्या डेली कॉलेजमधेही (नाव कॉलेज, पण आहे शाळाच) बोर्डर आणि डे-बोर्डर असे दोन शब्द ऐकायला येतात. डे-बोर्डर म्हणजे जो दुपारी शाळेत जेवतो पण रात्री घरी जातो, म्हणजे ह्या शब्दात जेवण अजून शिल्लक आहे बघा, राहणं अजिबात नाही.

कबर्ड हा शब्द पण इथलाच. आपण दार असलेल्या कपाटाला कबर्ड म्हणतो, पण सुरुवातीला ते कप-बोर्ड होतं, म्हणजे कप-पेले मांडून ठेवायची फळी किंवा टेबल, दारं नंतर आली. उच्चारात ‘प’ गळून गेला, स्पेलिंगमधे बसून आहे.

आता परीक्षेचा बोर्ड. ज्या टेबलाभोवती बसून राज्यकारभाराची खलबतं व्हायची त्या टेबलाला बोर्ड, मग हळूहळू त्याच्याभोवती बसणाऱ्या माणसांनाच बोर्ड म्हणायला लागले, सोळाव्या शतकापर्यंत हा अर्थ रुळला होता. आपल्या इंदूरशी ह्याचा थेट संबंध लागतो. १७८४ मधे इंग्रजांनी कायदा करून कंपनी सरकारवर नजर ठेवायला लंडनमधे ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं, ते १८५८ पर्यंत चाललं, म्हणजे १८१८ मधे मंदसौरला होळकरांनी कंपनीशी तह केला आणि पुढे इथे रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं, बसली तेव्हा त्या कंपनीच्या डोक्यावर हे बोर्ड होतंच. क्रिकेट बोर्डाच्या पूर्ण नावातही ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ हेच शब्द आहेत, ते १९२८ मधे स्थापन झालं. सी. के. नायडूंच्या होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली ती ह्याच बोर्डाच्या स्पर्धेत, हे आपल्या गावच्या माणसाला सांगावंच लागतं. एमपी बोर्ड त्याच अर्थाचं, मूळ फळी कुठे दिसत नाही पण आहे त्यातच.

बोर्डिंग पासमधे मात्र थोडी गुंतागुंत आहे. जुन्या इंग्रजीत बोर्डचा अजून एक अर्थ होता, जहाजाची कड, बाजू. हा फळीवरूनच निघाला की जर्मन कुळातला दुसराच एक शब्द येऊन ह्याच्यात मिसळला ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण दोन्ही फार लवकर एक झाले एवढं नक्की. कड ओलांडून आत गेलं की ‘ऑन बोर्ड’, कडेवरून पाण्यात पडलं की ‘ओव्हरबोर्ड’. जहाजावरून आगगाडीवर, तिथून विमानावर, आणि आता नोकरीवर पण, आपल्या इथल्या आयटी कंपनीत मुलगी लागली की पहिल्या आठवड्यात तिचं ‘ऑनबोर्डिंग’ होतं, म्हणजे शब्दशः तिला जहाजावर चढवतात.

जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात, त्याचा ताऱ्यांशी काहीही संबंध नाही. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसायचं, उजव्या कडेला एक मोठं वल्हं असायचं त्यानं दिशा धरायची, बहुतेक माणसं उजव्या हाताची म्हणून उजवीकडे. म्हणून ती ‘स्टीअर’ करायची बाजू, स्टीअर-बोर्ड, त्याचं झालं स्टारबोर्ड. डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणायचे, पण वादळात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लारबोर्ड ह्यात घोटाळा व्हायचा, तो जिवावर बेतू शकतो, म्हणून १८४४ मधे ब्रिटिश आरमारानं हुकूम काढला की डाव्या बाजूला आता ‘पोर्ट’च म्हणायचं. वल्हं उजवीकडे असल्यामुळे जहाज धक्क्याला डाव्या बाजूनं लावायचे, त्यावरून पोर्ट.

हा कडेचा अर्थ जर्मन कुळातल्या भाषेतून फ्रेंचांनी पण घेतला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत आला तो बॉर्डर होऊन. म्हणजे महेश्वरी साडीची बॉर्डर आणि दहावीचा बोर्ड एकाच घरातले, हे मला जेव्हा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. (कंटाळा येणं ह्या अर्थाचं ‘बोर’ मात्र ह्या घरातलं नाही, ‘बोर्ड झालो’ ऐकून काही जण जोडतात, ते सोडून द्या.)

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मराठीतलीच आहे. आपली फळी, फळा, फलक हे संस्कृत ‘फलक’चे वंशज, आणि संस्कृतात फलकचा अर्थ लाकडाची फळी आणि ढाल असे दोन्ही आहेत. जुन्या इंग्रजी कवितेत बोर्ड म्हणजे सुद्धा ढाल! दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं, तरी लाकडाच्या फळीची ढाल करणारी माणसं दोन्हीकडे होती म्हणून अर्थ त्याच वाटेनं गेला. आणि फळी म्हणजे माणसं हे तर आपण रोजच म्हणतो, कार्यकर्त्यांची फळी, गोलंदाजांची फळी, नेत्यांची दुसरी फळी. ही माणसं टेबलाभोवती बसलेली नसून ओळीनं उभी आहेत, पण लाकडावरून माणसांपर्यंत शब्द पोचलाच की. विधानसभेत कागद ‘पटलावर ठेवतात’ तेही बघा, पटल म्हणजे सभागृहातलं टेबल.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग. एकच मराठी शब्द सगळ्यांना लावायचा हट्ट धरू नये असं माझं मत आहे. परीक्षेचं ते मंडळ (एमपीत ‘मंडल’ लिहितात तेच, मूळ अर्थ वर्तुळ, गोल करून बसलेली माणसं), दुकानाची ती पाटी, शाळेतला तो फळा, आणि लॉजवर सरळ ‘राहण्या-जेवणाची सोय’ लिहावं. लाईटच्या बोर्डाला बोर्डच म्हणा, इलेक्ट्रिशियनला दुसरं काही सांगितलंत तर तो तुमच्याकडेच बघत राहील, आणि बोर्डिंग पासलाही काही नवीन घडवत बसायची गरज नाही, तो शब्द आता आपलाच आहे. लिहिताना फक्त एवढं सांभाळा की बोर्डमधे ओ आहे आणि बॉर्डरमधे ऑ.